सोडचिठ्ठी मिळाली

कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरचा व्हिसा मंजूर झाल्याचं पत्र रकानेकाकांनी स्वतः त्याच्या हातात ठेवलं, त्याचे दोन्ही हात दाबले, आणि मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहून ते गडबडले.

"या कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"बायको."

"अरे वा! इतक्यात?"

"बारा वर्षं झाली," बायको म्हणाली.

काका मटकन खुर्चीत बसले. परदेशी नोकरीवर निघालेल्यांचे कागद करून देणाऱ्या एका वकीलबाईंच्या ऑफिसात काका एकोणीस वर्षं फॉर्म भरत होते. फॉर्मचा एकही रकाना रिकामा सोडत नाहीत, म्हणून ते रकानेकाका. त्यांच्यात दोष एकच, आणि तो त्यांना गुण वाटायचा. माणसाचं खासगी काही निघालं की ते संकोचून गप्प बसत. चौकशी म्हणून करत नसत.

महिनाभरापूर्वी टर्नरच्या फायलीत लग्नाचा दाखला तेवढा यायचा होता. 'राहिलेला कागद मिळाला का?' असा निरोप काकांनी मोबाइलवर पाठवला. टर्नरला वाटलं, काका कारखान्यातून मोकळं केल्याचं पत्र मागताहेत. मालक ते द्यायला दोन महिने रडवत होता. टर्नरने आनंदाच्या भरात लिहिलं, 'काका, अखेर सोडचिठ्ठी मिळाली! बारा वर्षांची कटकट संपली.'

काकांनी फॉर्म पाहिला. लग्नाला बारा वर्षं. कारखान्यालाही बारा वर्षंच झाली होती, पण तो रकाना पुढच्या पानावर होता. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी टर्नर पत्र घेऊन हजर झाला. काकांनी मान फिरवली.

"नको, नको. तुझ्यापाशीच असू दे. असले कागद बघवत नाहीत मला."

"बघा तरी! किती वाईट लिहिलंय माझ्याबद्दल."

"लिहिणारच. बारा वर्षांची सवय तुटते रे. त्रास होतोय का?"

"मला कसला? तिकडे नवीन तयारच आहे. फोटो बघूनच पसंत केलं त्यांनी."

"आणि इथे?"

"इथे भाचा येतोय माझ्या जागी."

 काकांनी जड हाताने 'घटस्फोटित'वर खूण केली, बायकोचा अर्ज मागे घेतला आणि सहीच्या जागी पेन्सिलीची फुली मारून दिली. परक्या भाषेतला फॉर्म वाचायच्या फंदात टर्नर पडला नाही. फुली दिसली तिथे त्याने सही केली.

आता ते सगळं उजेडात आलं होतं. बायकोने मंजुरीचं पत्र उलटसुलट वाचलं. दातांच्या कवळ्या करणाऱ्या प्रयोगशाळेत परदेशी मालाची माहितीपत्रकं वाचून वाचून तिला ती भाषा बऱ्यापैकी येत होती.

"अहो, तुम्ही मला सोडलंत कधी?"

"मी? मी तर सहीच केली फक्त!"

"चुकलं माझं," काका म्हणाले. "घोर चुकलं. मी विचारायला हवं होतं."

वकीलबाईंनी काकांना आत बोलावून काय सांगितलं ते बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. त्यात नवीन नियम निघालेला. या महिन्यानंतर जोडीदारांचे अर्ज दोन वर्षं बंद. दुरुस्तीचा अर्ज तातडीने गेला, पण महिन्याभरापूर्वी घटस्फोटित असलेल्या माणसाला बारा वर्षांपूर्वी लग्न केलेली बायको कुठून उगवली, ही शंका व्हिसा कार्यालयाला आलीच. शेवटच्या तारखेला दोघांची वेगवेगळी मुलाखत ठरली.

प्रायश्चित्त म्हणून काकांनी चार दिवस रोज संध्याकाळी दोघांची तयारी करून घेतली.

"बायकोचा वाढदिवस?"

"थंडीत असतो," टर्नर म्हणाला.

"चष्मा कधी लागला?"

टर्नरने वळून पाहिलं. "चष्मा आहे तुला?"

"सात वर्षं झाली," ती म्हणाली.

तिला मात्र त्याच्या बुटाच्या मापापासून कोणत्या कुशीवर घोरतो इथपर्यंत सगळं तोंडपाठ होतं. टर्नरने वहीत लिहून, परीक्षेला बसल्यासारखी घोकंपट्टी करून बायको पाठ केली. काकांना आता वाईट वाटलं ते दुसऱ्याच कारणाने. हिचा चाळीस रकान्यांचा अर्ज आपण नवऱ्याला विचारून भरला होता. नावापुरती ती फायलीत होती.

मुलाखतीला टर्नर आधी गेला आणि विजयी चेहऱ्याने बाहेर बाकावर बसलेल्या काकांपाशी आला. "एकही चुकलो नाही काका! चष्म्याचा नंबरसुद्धा सांगितला."

बायको बऱ्याच वेळाने आली.

"पटलं त्यांना," ती बाकावर बसत म्हणाली. "नवरा-बायको आहोत म्हणाले. खोटं काही नाही."

"सुटलो!" काका म्हणाले.

"मग शेवटी विचारलं, तुम्हाला जायचंय का?"

"हा काय प्रश्न झाला?" टर्नर हसला. "काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

टर्नरचं हसू तसंच राहिलं. काका बाकावर थोडे बाजूला सरकले.

"अगं, चार दिवस तयारी केली आपण! तेव्हा नाही सांगायचं?"

"तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं? त्यांनी विचारलं आणि तोंडातून आलं ते हे. प्रयोगशाळेत आता सगळं काम माझ्या हाताखाली चालतं. चार मुली शिकवून तयार केल्यात मी. तिकडे मी दिवसभर खिडकीत बसून काय करू?"

"मला सांगितलं असतंस तर..."

"तुम्ही 'आपण जातोय' म्हणून सांगितलंत. मी बॅगा आणल्या."

 टर्नरची नोकरी सुटली होती, कारखान्यात त्याच्या जागेवर भाचा बसला होता, आणि आठ दिवसांत निघायचं होतं. त्याने मंजुरीचं पत्र काढलं, पाहिलं, पुन्हा खिशात ठेवलं. काकांना भडभडून आलं.

"ताई, हे माझ्यामुळे झालं. मी घोळ घातला नसता तर..."

"तर मी निमूट गेले असते काका," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून काकांना जास्तच लागलं.

तिने पर्स उचलली. "मला निघायला हवं. आज तीन कवळ्या द्यायच्यात."

टर्नर धडपडत उठला. "थांब, मी सोडतो तुला कामावर."

"रस्ता माहीत आहे?"

तो दारापर्यंत गेला. बाहेर रस्ता दोन्ही बाजूंना जात होता. त्याने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"नाही," तो म्हणाला. "कुठून जायचं?"

"डावीकडून," ती म्हणाली, आणि तो तिच्या मागे निघाला.