सातव्या नंबरचा आवाज

१९५३ साली आमच्या सिगार कारखान्याचा वाचक वारला आणि नवा निवडायचं काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं. पिनार देल रिओ गावातल्या त्या हॉलमध्ये आम्ही दीडशे माणसं दिवसभर मान खाली घालून सिगार वळायचो आणि उंच चौथऱ्यावरून डॉन फाकुंदो आम्हाला सकाळी पेपर, दुपारी कादंबरी वाचून दाखवायचा. मालकाने बजावलं होतं, "शनिवारपर्यंत वाचक मिळाला नाही तर चौथरा तोडून रेडिओ बसवणार!" आणि कादंबरी तर ऐन खुनावर अडकलेली!

"एकतीस वर्षांचा अनुभव होता त्याला," म्हातारा कासिमिरो म्हणाला. "पेपर उलटा धरूनही घडाघडा वाचायचा. मी या डोळ्यांनी पाहिलंय! तसाच अनुभवी आण."

"वर्षं काय चाटायचीत, कासिमिरोकाका? पडद्यामागून वाचायचं. नाव नको, वय नको, अनुभव नको. फक्त कसब!"

पक्षपाताचा आळ नको म्हणून नंबरांच्या चिठ्ठ्यासुद्धा मी खिडकीतून घट्ट डोळे मिटून वाटल्या. असा माझा चोख कारभार!

मत द्यायची आमची रीत सोपी. वाचन आवडलं तर तंबाखूचं पान कापायचं पातं टेबलावर वाजवायचं, नावडलं तर जमिनीवर टाकायचं. पाती पडली की विषय संपला.

गुरुवारी दुपारी पहिला शेळीसारखा बेंबाटला. दुसऱ्याकडे दहा वर्षांचा दाखला होता. त्याने दहा मिनिटांत अर्धा हॉल झोपवला! असे पहिले सहाही जण नापास झाले.

मग सातवा नंबर. आधी एक बारीक खोकला. बोटाला थुंकी लावून पान उलटल्याचा आवाज. आणि कादंबरी, जिथे थांबली होती नेमकी तिथून.

तोच खरबरीत गळा. वाक्य संपलं की कॉफीचा घोट घेण्याएवढी तीच थांबण्याची तऱ्हा.

तंबाखूच्या पानांची सळसळ थांबली. शेजारची निएवेस क्रूसाची खूण करायला गेली, पण तिचा हात उचलेना. फाकुंदोला पुरून बारा दिवस झाले होते. त्याच्या पेटीवर मूठभर माती मी स्वतः टाकली होती!

कादंबरीतला खून झाला. आवाज क्षणभर थांबला आणि फाकुंदो रोज म्हणायचा तसंच म्हणाला, "बाळांनो, उरलेलं उद्या."

आमच्या बधिर हातांतून दीडशे पाती एकदम जमिनीवर पडली. खण्ण!

पडद्यामागे खुर्ची करकरली. मी जीव मुठीत धरून पडदा ओढला. खुर्ची रिकामी! टेबलावर फक्त फाकुंदोचा चष्मा.

"पळा!" कासिमिरो ओरडला आणि सगळ्यांत अनुभवी माणूस सगळ्यांत आधी खिडकीत अडकला!

शुक्रवारी कामावर कोणी आलं नाही. मालकाने रेडिओचं खोकं आणून ठेवलं. फाकुंदोच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांगा, अशी विनवणी करायला मी भर दुपारी त्याच्या बायकोकडे, ब्रिहिदाकाकूंकडे गेले. खिडक्या बंद. आणि आतून तोच आवाज! फटीतून पाहिलं, तर फाकुंदोची झुलती खुर्ची रिकामीच झुलत होती. मी दार कसं ठोठावलं, देव जाणे.

आवाज थांबला. दारात ब्रिहिदाकाकू. तोंडात सिगार, हातात कादंबरी.

"काय गं? आता घरी येऊन पाती टाकणार?"

"काकू... तो आवाज..."

"माझा! शेवटची आठ वर्षं त्याला दिसत होतं कुठे? पहाटे मी वाचायचे, तो पाठ करायचा, माझ्या खोकल्यासकट! तिथे नुसती पानं उलटायचा. तुम्ही अनुभव विचारणार नव्हता, म्हणून आले. तर दीडशे जणांनी पाती टाकली! रागाने तशीच मागच्या दाराने निघाले, त्याचा चष्मा लावून वाचत होते तोही तिथेच राहिला!"

"टाकली नाहीत हो, हातातून गळली! घाबरलो आम्ही!"

"कशाला? चिठ्ठी देताना डोळे उघडले असतेस तर?"

मी विषय बदलला. "आणि ती खुर्ची का झुलतेय?"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "ऐकतो तो."

शनिवारी पडदा न लावता पुन्हा मतदान झालं. पाती अशी वाजली की टेबलांना खाचा पडल्या!

ब्रिहिदाकाकूंनी पुढे एकोणीस वर्षं वाचलं. रेडिओ मालकाच्या घरी गेला. निएवेस मुलीकडे हवानाला गेली. कासिमिरोकाका ठार बहिरे झाले, तरी रोज पुढच्या बाकावर बसून मान डोलवायचे.

आणि मी? माझेही डोळे गेले. सकाळी नात पेपर वाचून दाखवते, मी तो पाठ करते आणि अंगणात बसून शेजारणींना ऐकवते. काल एक म्हणाली, "आजी, पेपर उलटा धरलाय!"

मी म्हटलं, "अनुभव आहे, बाई!"