ढचा दुसरा उकार

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या आजोबांच्या हातात एक पिवळी छत्री आहे. ऊन नाही, पाऊस नाही, तरी त्यांनी ती मिटून उंच धरली आहे आणि तिच्यामागून वीस-पंचवीस मोठी माणसं शहाण्यासारखी चालली आहेत. छत्री थांबली की सगळे थांबतात. छत्रीचं टोक एखाद्या खिडकीकडे वळलं की सगळ्यांच्या माना वळतात. आणि ह्या सगळ्या लवाजम्याच्या पुढे, छत्रीचा दांडा धरलेल्या हाताच्या शेजारी, तुम्ही. केवढा रुबाब, नाही?

आपल्या गोष्टीतल्या नातीचा असाच रुबाब होता. ती दुसरीत होती. तिचे आजोबा दर रविवारी सकाळी लोकांना शहरफेरीला नेत. जुनी घरं, पुतळे, कमानी दाखवत आणि शेवटी कलादालनातली चित्रं समजावून सांगत. त्याआधी चाळीस वर्षं ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या. एका चुकलेल्या उकारावरून त्यांनी भल्याभल्या लेखकांना घाम फोडला होता.

असे हे आजोबा हुशार, प्रेमळ, बोलण्यात पटाईत. त्यांच्यात खोट एकच होती. "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत. नात एका फेरीत चाळीस प्रश्न विचारी. "आजोबा, पुतळ्याच्या सिंहाचे दात कोण घासतं?" "कमानीखालून जाताना आपण का वाकतो? ती तर उंच आहे." आजोबांकडे चाळीसही उत्तरं असत. त्यांतली किती खरी, ते विचारू नका.

एका रविवारी शिंप्याच्या दुकानाशेजारून जाताना वहीवाल्या बाई थबकल्या. ह्या बाई प्रत्येक फेरीला येत आणि आजोबांना शिंक आली तरी वहीत टिपून घेत.

"काका, ह्या भिंतीवर काय लिहिलंय हो?"

आजोबा त्या भिंतीजवळून एकोणीस वर्षं जात होते. तिथे काही लिहिलंय, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. कंबरेएवढ्या उंचीवर, चुन्याच्या थरांतून काळी अक्षरं डोकावत होती. 'येथे चित्रे काढ', आणि पुढचं सगळं चुन्याखाली गडप.

वीस जोडी डोळे आजोबांवर खिळले. आजोबांनी घसा खाकरला.

"'येथे चित्रे काढी.' काढी म्हणजे काढत असे. जुनं वळण आहे भाषेचं. वेलांटी पुसलीय, आणि पुढे चित्रकाराचं नाव असणार."

"अय्या! इथे चित्रकार राहायचा?"

"राहायचा म्हणजे काय! ह्याच खिडकीत बसायचा. भारी लाजाळू माणूस. समोरून कुणाकडे बघण्याची छाती नव्हती, म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या फक्त पाठी रंगवायचा."

लोकांनी "च्‌ च्‌" केलं. बाईंची लेखणी धावू लागली. तेवढ्यात खालून आवाज आला.

"आजोबा, ढला शेपटी आहे."

ढच्या खाली चुन्याचा एक पोपडा सुटून पुढे आला होता. वरून बघणाऱ्याला पोपडा दिसे. पण ज्याचं नाकच भिंतीच्या त्या उंचीवर असेल, त्याला पोपड्याच्या आत डोकावता येई.

"तडा असेल बाळ."

"तडा नाही, उकार आहे. दुसरा. काढी नाही आजोबा, काढू! तुम्हीच शिकवलात ना मला परवा?"

आता मुलांनो, आजोबांनी काय करायला हवं होतं? वाकायला. बस्स, एवढंच. पण चाळीस वर्षं जगाचे उकार तपासलेल्या माणसाला वीस जणांसमोर दुसरीतली मुलगी उकार दाखवत होती. आजोबा ताठ उभे राहिले आणि हसून म्हणाले, "घ्या! ढच्या बाबतीत आता एका ढचंच मत घ्यायला हवं!"

सगळे खो खो हसले. आजोबाही हसले. नात हसली नाही. तिने छत्रीच्या शेजारची जागा सोडली आणि ती रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली. त्या दिवशीच्या उरलेल्या फेरीत तिने एकही प्रश्न विचारला नाही. आजोबांना वाटलं, दमली असेल.

वहीवाल्या बाईंनी आपल्या कलामंडळाच्या पत्रिकेत लिहिलं, 'पाठींचा चित्रकार'. पुढच्या रविवारी पन्नास माणसं आली. त्यांना बघून शिंपी दुकानाबाहेर आला.

"तो चित्रकार ना? साठ वर्षांपूर्वी माझ्या आजोबांनी कोट शिवला होता त्याला. चौदा खिशांचा! प्रत्येक खिशात एक ब्रश."

आजोबा चपापले. आपण ज्याला आठवडाभरापूर्वी जन्म दिला, त्याला साठ वर्षांपूर्वी कोट शिवलेला? "नक्की आठवतं तुम्हाला?"

"अहो, पाठ द्यायचा नाही तो माप घ्यायला! म्हणायचा, पाठी मी बघतो, माझी कुणी बघायची नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन त्यांनी आजीला सगळं सांगितलं.

"मग सांगून टाका, की आपण थाप मारली," आजी म्हणाली.

"अगं, पण कसं सांगू?"

"तोंडाने. थाप कुठून मारली होतीत?"

आजोबा दुसऱ्याच दिवशी कलादालनाच्या संचालिकाबाईंकडे गेले. पण ते खुर्चीत टेकताहेत तोवर बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"काका, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य! आमच्या तळघरात सात चित्रं धूळ खात पडली होती. खाली सही नाही, काही नाही. आणि सातही चित्रांत माणसं पाठमोरी! आपण प्रदर्शन भरवतोय."

"त्याचंच जरा... मला थोडी शंका आहे त्या चित्रकाराबद्दल."

"शंका! खरा अभ्यासक असाच असतो," बाई गहिवरल्या. "प्रदर्शन तुम्हीच समजावून सांगायचं. आणि उद्‌घाटन त्या भिंतीपाशीच करू. चुना काढून सगळ्यांसमोर नाव उघड करायचं. येत्या महिन्याचा पहिला रविवार."

आजोबा "बरं" म्हणाले आणि उठले. ह्या "बरं"चा पश्चात्ताप त्यांना जिना उतरतानाच सुरू झाला.

पण खरं सांगायचं तर त्यांना चित्रकारापेक्षा दुसरीच गोष्ट टोचत होती. नात अजूनही फेरीला येत होती, आईने पाठवलं म्हणून. रांगेच्या शेवटी चालायची. आजोबा मुद्दाम सिंहाच्या पुतळ्यापाशी रेंगाळायचे. "काही विचारायचंय का गं?" "नाही." कमानीखाली वाकायचे. "मी का वाकलो, सांग बरं?" "माहीत नाही." केवढ्या सहज म्हणायची ती! ज्या पोरीच्या तोंडाची टकळी थांबवायला पूर्वी आजोबा खिशात गोळ्या ठेवत, तिच्या एका प्रश्नासाठी आता ते अख्खा रविवार झुरत. गोळ्या खिशातच चिकटून गेल्या.

आणि तो पहिला रविवार उजाडला. भिंतीसमोर दोनशे माणसं. शिंप्याने दुकानात चौदा खिशांचा कोट टांगला होता. त्याची शिवण इतकी ताजी होती, की एका खिशातून दोरा लोंबत होता. भिंत साफ करणारी कारागीर मुलगी ओला स्पंज आणि बोथट पाती घेऊन सज्ज होती.

"सुरू करा!" संचालिकाबाई म्हणाल्या.

पहिल्याच झटक्यात ढखालचा पोपडा गळून पडला आणि आत एक सुरेख, काळीभोर, वळणदार शेपटी दिसली. दुसरा उकार. दोनशे माणसांत त्याचा अर्थ फक्त दोघांना कळला. एक आजोबा, आणि दुसरी सगळ्यांत मागे, आईचा पदर धरून उभी होती.

स्पंज पुढे सरकला. 'न' आला. "नारायण!" कुणीतरी ओरडलं. मग 'ये' आला. "नयेश?" "असं कुठे नाव असतं का?" मग 'त' आला आणि त्याच्या खालच्या ओळीत एक नाव नव्हे, एक हुद्दा.

'येथे चित्रे काढू नयेत. – घरमालक'

रस्त्यावरच्या सगळ्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली.

शिंपी पहिल्यांदा सावरला. "आमच्या आजोबांनी तो कोट बहुतेक... घरमालकाला शिवला होता."

"आणि माझी सात चित्रं?" संचालिकाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "काका! काहीतरी बोला ना!"

आणि मुलांनो, गंमत बघा. आजोबांच्या जिभेवर उत्तर तयार होतं! चित्रं काढू नयेत अशी पाटी लागते, म्हणजे कुणीतरी काढत असणारच. घरमालक चिडला, पाटी लावली, बिचारा चित्रकार परागंदा झाला... आधीच्या गोष्टीपेक्षा सरस गोष्ट. नुसतं तोंड उघडायचा अवकाश, चित्रकार वाचला असता, प्रदर्शन वाचलं असतं, आजोबांची अब्रूही वाचली असती. वहीवाल्या बाईंनी तर नवं पान काढलंही होतं.

आजोबांनी गर्दीवरून नजर टाकली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. फक्त नात खाली, आपल्या बुटांकडे बघत होती.

"माहीत नाही," आजोबा म्हणाले.

"काय?"

"मला माहीत नाही. ह्या भिंतीबद्दल मला तेव्हाही काही माहीत नव्हतं. चित्रकार मी रचला." "हा दुसरा उकार माझ्या नातीने पहिल्याच दिवशी पाहिला होता. मी वाकून बघितलं नाही. उलट सगळ्यांसमोर तिला ढ म्हणालो, आणि तुम्ही हसलात, म्हणून मला बरंही वाटलं. ढ ती नव्हती. ढ हा उभा आहे तुमच्यासमोर, छत्री घेऊन."

कुणी हसलं नाही. वहीवाल्या बाईंनी वही मिटली. मागचे दोघं-चौघं हळूच पांगूही लागले.

तेव्हा नातीने आईचा पदर सोडला. लोकांच्या कोपरांखालून वाट काढत ती पुढे आली. आजोबांकडे तिने पाहिलं नाही. भिंतीपाशी जाऊन ती उकिडवी बसली, पाटीच्याही खाली, जिथे स्पंज पोचला नव्हता, तिथल्या एका पोपड्याच्या आत तिने एक डोळा लावला, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

"काय दिसतंय गं?" आजोबांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारत होते.

"मिशा," नात म्हणाली. "मोठ्या मिशांचा माणूस आहे. काड्यांचे हात आहेत. कोळशाने काढलाय. आजोबा, हा घरमालक आहे का?"

चार आठवड्यांनी आलेला प्रश्न! आजोबांना एवढं गलबलून आलं, की त्यांनी नुसती मान हलवली. माहीत नाही.

नात उठली. तिने आजोबांच्या हातातून पिवळी छत्री काढून घेतली आणि दोन्ही हातांनी उंच धरली. उंच म्हणजे लोकांच्या छातीपर्यंत आली. पांगणारे थांबले.

"उभं राहून दिसत नाही ते," ती म्हणाली. "सगळ्यांनी खाली बसा."

संचालिकाबाई बसल्या, शिंपी बसला, वहीवाल्या बाई वहीवर बसल्या. बघता बघता सगळा रस्ता उकिडवा झाला. मग तिने छत्रीचं टोक वळवलं.

"आजोबा, तुम्हीसुद्धा."