लटारूभाऊचा जोडीदार

लटारूभाऊ झाडाशीसुद्धा भांडायचा. सागवानावर थाप मारून आधी त्याची हजेरी घ्यायचा, "काऊन बे, इथी वाकडा काऊन झाला?" आणि मग कुऱ्हाड चालवायचा. झाडं बिचारी उलट बोलत नसत, म्हणून त्यांच्याशी त्याचं पटायचं. माणसांशी मात्र पटायचं नाव नको.

आरमोरीकडच्या जंगलात मी ठेकेदाराचा मुन्शी होतो. देश नुकता स्वतंत्र झालेला, पण झाडं जुन्याच पद्धतीनं कुऱ्हाडीनं पडत. लटारूभाऊ एकटाच पाडायचा आणि वर ऐकवायचा, "दुसऱ्याचा हात लागला का काम बिघडलंच समजा!"

मग चांद्याहून दोघांनी ओढायच्या लांब करवती आल्या. कुऱ्हाडीच्या ढलप्यांत चांगलं लाकूड वाया जातं, म्हणून आता करवतच. ज्याला जोडीदार नाही त्यानं घरी बसावं, असा ठेकेदाराचा हुकूम. मी तो सांगितला, तसे सगळे लटारूभाऊकडे बघून फिदीफिदी हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

करवतीचं कसं, एकानं ओढली की दुसऱ्यानं हात ढिला सोडायचा. लटारूभाऊ सोडेल तर शपथ! पहिला जोडीदार दुपारच्या आतच पळाला. दुसरा माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "मुन्शीजी, मले अस्वलासंगं जोडा, पण याच्यासंगं नोको!" तिसऱ्याला तर नुसतं नाव ऐकूनच ताप भरला.

ठेकेदारानं बजावलं, "सोमवारी येतो. जोडीदार दिसला नाही तर याला काढा." आता मात्र मला घोर लागला. या माणसाला ना शेत ना वाडी. जंगल सुटलं तर खाणार काय?

सोमवारी ठेकेदाराला घेऊन जंगलात गेलो, तर करवत झक्क चाललेली. जवळ जाऊन बघतो तर काय! पठ्ठ्यानं एक हिरवा बांबू जमिनीत रोवून, वाकवून करवतीची दुसरी मूठ त्याला दोरीनं बांधली होती. यानं ओढून हात ढिला सोडला की बांबू आपसूक मागं खेचायचा. "हा पाहा माहा जोडीदार! बिडी मागत नाई, उलट बोलत नाई!" ठेकेदार पोट धरधरून हसला आणि "राहू दे याला कामावर" म्हणत निघून गेला.

जेवणाची वेळ झाली होती. लटारूभाऊनं शिदोरी सोडली. पळसाची दोन पानं मांडली, दोन्हींवर भात वाढला आणि एक पान बांबूपुढं सरकवलं.

"लटारूभाऊ, बांबू जेवतो का?" मी डिवचलं.

तो हसला नाही. "बायको होती तवा दोघं संगंच बसत होतो जी. तिच्यासंगं भांडल्याबिगर मले घास उतरत नव्हता. ती गेली. आता एकच पान मांडलं का जेवणच होत नाई. भांडाले समोर कोणी तरी पाह्यजे ना!"

 मी बांबूपुढचं पान ओढून घेतलं आणि जेवायला लागलो.

"मुन्शीजी, कसे जेवता हो! अर्धा भात सांडून राह्यले!" तो खेकसला, आणि आपल्या पानावरची अंबाडीची भाजी उचलून माझ्या भातावर ठेवली.