त्रेसष्ट रुपयांचा डबा

घरतभाऊ डब्याचं झाकण उचलतात, डोळे मिटतात, एक घास तोंडात टाकतात आणि म्हणतात, "थांबा, सांगतो." मग अख्खी स्टाफरूम थांबते. पवारसरांची चपाती हातातच राहते. घरतभाऊ सावकाश चावतात, गिळतात, वर पंख्याकडे बघतात आणि आकडा सांगतात. "एकेचाळीस." एकेचाळीस रुपये म्हणजे त्या डब्याला घरी आलेला खर्च. गॅस धरून, मेहनत सोडून. हा त्यांचा नियम.

मी या शाळेत मराठी शिकवायला आले त्या पहिल्याच दिवशी माझ्या फरसबीच्या भाजीला आणि तीन चपात्यांना त्यांनी "छत्तीस" म्हणून टाकलं. मला हा भलता आगाऊपणा वाटला. ओळख ना पाळख, आणि हा माणूस माझ्या डब्यात हात घालतो. रागारागात घरी जाऊन नवऱ्याला समोर बसवलं आणि मोजलं, तर साडेपस्तीस आले. मी जिंकल्याच्या आनंदात होते. तेवढ्यात नवरा म्हणाला, "हिंग धरलास का?" हिंग धरला नव्हता.

घरतभाऊ आमच्या शाळेचे हेडक्लार्क. शाळा उरणच्या अलीकडे, मिठागरांना लागून. भाऊ इथलेच, मिठागरात राबलेल्या घरातले. एकटे राहतात. कचेरीत ते छापील मराठी बोलतात, कारण दिवसभर सरकारी पत्रं वाचून तीच जिभेवर बसली आहे. पण मन हललं की गावची बोली वर येते, आणि मग ते स्वतःच जरा ओशाळतात.

त्यांना कंजूष म्हणाल तर चुकाल. मीही चुकले होते. कंजूष माणूस कमी खातो. घरतभाऊ झकास खातात. त्यांच्या डब्यात कधी कुरकुरीत मांदेली, कधी शेवग्याच्या शेंगांची आमटी, कधी पांढरा कांदा घालून केलेलं सुकट. सुरमईला ते हात लावत नाहीत. सुरमई खाणाऱ्याने निम्मे पैसे नावाचे मोजलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. टोमॅटो महागले की ते टोमॅटोवर बहिष्कार टाकतात आणि आठवडाभर सगळ्यांना चिंच, कोकम आणि कैरीचे गुण ऐकवत फिरतात. पवारसर मोबाइलवरून भाजी मागवतात, ती दहा मिनिटांत दारात येते, हे कळल्यावर भाऊंनी फक्त एवढंच विचारलं, "मोबाइलला वास येतो का हो?"

त्यांचा बाजार बघण्यासारखा असतो. ते एकाच बाजारात दोनदा फिरतात. पहिल्या फेरीला पिशवी घडी करून खिशात ठेवलेली असते आणि ते फक्त भाव विचारतात. मेथी कशी, वांगी कशी, बोंबील कसे. दुसऱ्या फेरीला पिशवी बाहेर येते. मासळीवाल्या त्यांना चांगल्या ओळखून आहेत. एकीने मला विचारलं होतं, "तुमच्या शालेत या मानसाला भाव विचारायचाच पगार हाय का?"

एकदा त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंच्या डब्यालाही सोडलं नाही. पनीर-मटार होतं. भाऊंनी घास घेतला आणि म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी. चव मात्र तिसाची." बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाऊंना केबिनमध्ये बोलावलं. आम्हाला वाटलं, आता मेमो मिळणार. पण बाईंना तीस रुपयांत अठ्ठ्याऐंशीची चव कशी आणायची ते हवं होतं. पुढच्या सोमवारी बाई वालाचं बिरडं घेऊन आल्या आणि आकडा ऐकायला अशा उभ्या राहिल्या, जणू दहावीचा निकालच लागणार आहे.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग माझ्या घरी दिवस फिरले.

माझा नवरा बंदरात ट्रेलर चालवायचा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. घर एका पगारावर आलं. त्या पगारातून आधी औषधं, मग मुलीची फी, मग उरलेल्यात वाणसामान. माझ्या डब्यातून पहिल्यांदा फळ गेलं, मग कोशिंबीर गेली, मग भाजी गेली. राहिली ती रेशनच्या तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. जवळा म्हणजे ती बारीक सुकी कोलंबी. आमच्याकडे गरिबाघरी आणि श्रीमंताघरी दोन्हीकडे खातात, पण श्रीमंताघरी ती रोज नसते.

मला भुकेची भीती नव्हती. भीती वाटायची ती घरतभाऊंच्या आकड्याची. बाकीचं काहीही लपवता येतं. साडी तीच नेसावी, हसून बोलावं. पण भाऊंनी एक घास घेतला की माझं घर टेबलावर उघडं पडणार होतं. मग कुणीतरी हळूच आपली भाजी माझ्याकडे सरकवणार, आणि ते मला सोसलं नसतं. मी वह्या तपासायच्या आहेत असं सांगून सातवी ब च्या रिकाम्या वर्गात जेवायला लागले. फळ्याकडे तोंड करून जेवायचे, म्हणजे खिडकीतून कुणाला डबा दिसायला नको. तीन आठवडे असे गेले. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

शिक्षक दिनाला मात्र सुटका नव्हती. मुख्याध्यापिकाबाईंनी हुकूमच सोडला की आज सगळे एकत्र जेवणार, कुणी वर्गात बसायचं नाही. सगळे डबे मधल्या टेबलावर उघडले. मी माझा अर्धवट उघडून कोपऱ्यात ठेवला. पवारसरांना तो दिसला. ते मनाने सरळ, मुद्दाम काही करणारे नव्हेत. "मराठीच्या बाईंचा डबा बरेच दिवस झाला नाही," ते म्हणाले. "भाऊ, होऊन जाऊ दे."

घरतभाऊंनी झाकण उचललं. भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, डोळे मिटले. "थांबा, सांगतो." मी खाली पदराच्या टोकाकडे बघत राहिले. त्यांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"त्रेसष्ट," ते म्हणाले.

एवढ्याशा चटणीला त्रेसष्ट कसे, असं पवारसरांनी विचारलं, तर भाऊ त्यांच्यावरच घसरले. म्हणाले, हा जवळा करंजा बंदरावरचा, पहिल्या उन्हात वाळवलेला, एकेक काडी हाताने निवडलेली. एवढा निवडायला तास जातो. चिंच दोन वर्षं मुरलेली. पीठ तर जात्यावरचं वाटतंय. असं जेवण आता मिळतं कुठे, तुम्ही मोबाइलवर मागवून दाखवा.

त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. जवळा गेल्या सालचा, डब्याच्या तळाचा. पीठ नाक्यावरच्या गिरणीतलं. पण पुढच्या दोन मिनिटांत माझा डबा रिकामा झाला. मुख्याध्यापिकाबाईंनी बोटाने चटणी पुसून खाल्ली आणि उद्या जास्त आणायला सांगितलं.

त्यामुळे एक नवंच संकट उभं राहिलं. माझ्या त्रेसष्ट रुपयांच्या चटणीचा बोलबाला झाला आणि रोज सहा जणांपुरता जवळा आणायचा कुठून, हे मला कळेना. तिसऱ्या दिवशी घरतभाऊ माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेला पुडा ठेवून गेले. चुलतबहिणीने पाठवला, घरात वास येतो, घरचे कुरकुर करतात, असं काहीबाही पुटपुटले. एकट्या माणसाच्या घरात कुरकुर करणारं कोण, हे मी विचारलं नाही.

पण मनाला स्वस्थता नव्हती. त्या शनिवारी उरणच्या बाजारात ते भेटले. दुसरी फेरी संपली होती, पिशवी भरलेली. चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो. मी म्हटलं, "भाऊ, खरा आकडा सांगा."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. डोळे मिटले. "थांबा, सांगतो." मग म्हणाले, "साडेअकरा. चिंच घरची धरली हाय."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. चिंच माझ्या माहेरची होती. मग त्रेसष्ट कशासाठी, मी विचारलं.

"मेहनत धरली," ते म्हणाले.

मग ते समोरच्या भाजीवालीकडे बघत बोलायला लागले. बायको होती तेव्हा मला कांद्याचा भावही माहीत नव्हता, असं त्यांनी सांगितलं. महिन्याला हातात पैसे दिले की आपलं काम झालं. कधी वाढवून दिले नाहीत, पुरतात का ते विचारलं नाही. एका महिन्यात डब्यात सारखा जवळाच यायला लागला. नोकरी नवी होती, टेबलावर चार मोठी माणसं बसायची. एक दिवस लाज वाटली म्हणून त्यांनी डबा उघडलाच नाही. बाहेर जाऊन वडापाव खाल्ला आणि भरलेला डबा तसाच घरी नेला.

"ती काय बोलली न्हाय," ते म्हणाले. "रात्री तोच जवळा तिनं खाल्ला. ती गेली, मंग मी पयल्यांदा पिशवी घेऊन बाजारात आलो. तवा कळला, माझ्या तेवढ्या पैशात ती आमाला काय काय खायला घालीत होती. आजून हिशोब लागत न्हाय. सगल्यांचे डबे चाखतो, तरी लागत न्हाय."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"तवा त्या टेबलावर कोनी त्रेसष्ट बोलला असता ना बाई, तर मी डबा परत नेला नसता."

मग ओशाळून उठले, पिशवी उचलली आणि भाजीवालीला पांढऱ्या कांद्याचा भाव विचारायला लागले. तो त्यांनी आधी दोनदा विचारलेला होता. तिने तिसऱ्यांदाही सांगितला.

सोमवारी माझ्या डब्यात पुन्हा जवळाच होता. मी डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि झाकण मीच काढलं.