विलासकाकांची सुट्टी

आमचे विलासकाका मिक्सरला कुलूप लावतात.

हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं मी विनोद करतेय. मला विनोद करता येत नाही. खरंच एक लाल, बोटभर कुलूप आहे. प्लग काढायचा, त्यावर प्लास्टिकची डबी चढवायची, डबीला कुलूप घालायचं, किल्ली खिशात टाकायची आणि मग मिक्सरचं पातं धुवायचं. एकदा ती किल्ली खिशात ठेवून काका तसेच केस कापायला गेले. त्या दिवशी काकूची इडलीची चटणी दुपारी साडेबाराला झाली.

काका चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तिथला नियम असा, की यंत्रात हात घालण्याआधी त्याच्या मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. म्हणजे आपला हात आत असताना दुसरं कोणी चुकून बटण दाबू शकत नाही. काका तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले, पण नियम त्यांच्याबरोबर संत तुकाराम नगरला घरी आला. बल्ब बदलायचा तर मीटरला कुलूप. पंखा पुसायचा तर रेग्युलेटरवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी. कोणी कुरकुर केली, की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, “आधी कुलूप, मग हात.”

आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, काका-काकू वर. त्यामुळे काकांचे असले प्रकार मी जन्मापासून पाहते आहे. तरीही यंदाच्या थंडीत एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि हातातला पिळा तसाच राहिला. काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हवेत वल्हं मारत होते. उजव्या हातावर मोजा चढवून मूठ रबरबँडने बांधलेली. वल्ह्याला पाइपचा तुकडा जोडलेला आणि त्यात ती बांधलेली मूठ अडकवलेली. समोरच्या इमारतीतल्या दोन बायका गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या.

“काका, काय करताय?”

“ट्रायल,” ते म्हणाले. “ओढलं की सुटलं पाहिजे.” आणि त्यांनी हात हिसडला. पाइप सुटला, वल्हं तुळशीवर पडलं. काका खूश झाले.

मी यावर काहीच विचारलं नाही. मला प्रश्न विचारायचा तर आधी मनात चार वेळा म्हणून बघावा लागतो, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

आता मूळ गोष्ट. काकांची मुलगी, माझी मीनलताई, पुढच्या महिन्यात नोकरीसाठी नेदरलँडला जाणार होती. जाण्याआधी तिचं एकच मागणं होतं, बाबांबरोबर एकदा सुट्टीला जायचं. ऐकायला साधं वाटतं. पण ती सहावीत असल्यापासून काका कोणाबरोबर कुठेही गेले नव्हते. माथेरान, गणपतीपुळे, तिला कॉलेजच्या ट्रिपला सोडायला जाणं, सगळं काकू आणि ताईनेच केलं. काकांचं कारण तयारच असायचं. नोकरीत होते तोवर शटडाउन, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायची दुरुस्ती. रिटायर झाल्यावर गच्चीतली टाकी. “मी गेलो आणि बॉलकॉक अडकून टाकी वाहिली तर?”

शुक्रवारची सुट्टी आली, तिला शनिवार-रविवार जोडून होते. काकूने सुचवलं म्हणून ताईने पवना धरणाच्या पाण्यावर कयाकिंग, म्हणजे लांबट छोट्या होडीतून वल्ही मारत फिरायचं ठरवलं आणि जेवताना सहज म्हटल्यासारखं विचारलं. काका भाकरी मोडत म्हणाले, “येतो. पण साबळे बरोबर येणार.”

काकूचा घास हातातच राहिला, मी पाण्याचा पेला खाली ठेवला. ‘येतो’ या शब्दाचा धक्का एवढा मोठा होता, की साबळे कोण हे विचारायचं मी विसरले.

साबळे कोण ते शुक्रवारी सकाळी भोसरीच्या चौकात कळलं. काकांच्या वयाचा, इस्त्रीच्या शर्टातला, हसरा माणूस गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला. त्यांना उजवा हात मनगटापासून पुढे नव्हता. मी लगेच खिडकीबाहेर बघायला लागले आणि सोमाटणे फाटा येईपर्यंत बघतच राहिले.

“पोरी,” ते शेवटी म्हणाले, “बाहेर बघण्यासारखं काही आहे, का इकडे बघायची चोरी?”

माझे कान तापले.

“एकदा नीट बघून घे, म्हणजे सुटशील. बघितल्याने आणखी कमी होत नाही.”

पुढून काका गरजले, “साबळ्या, पोरीला छळू नकोस. बेल्ट लाव.”

“लावलाय, राव! तुझ्याबरोबर अठरा वर्षं काम केलंय, बेल्ट न लावता बसेन का?”

माझ्या डोक्यात तेव्हा गच्चीवरची ती बांधलेली मूठ आली. काकांनी ते वल्हं या माणसासाठी केलं होतं. म्हणजे एक हात नसलेल्या माणसाला आपण खोल पाण्यात नेत होतो! मी आरशात काकूकडे पाहिलं. काकू शांतपणे संत्रं सोलत होती.

पाण्यावर पोहोचलो. तिथल्या कयाक ताराबाई नावाच्या, जवळच्याच गावच्या बाईंच्या होत्या. नऊवारी, वर लाइफ जॅकेट, आणि आवाज पलीकडच्या काठापर्यंत जाणारा. काकांनी आल्याआल्या त्यांची सगळी जॅकेटं गवतावर मांडून बकलं तपासायला घेतली. तीन जॅकेटांची बकलं ढिली निघाली. काकांनी खिशातून लाल कार्डं काढून त्यांना बांधली, ‘वापरू नये’. इथपर्यंत ताराबाई नुसत्या बघत होत्या. मग काकांनी सगळ्या कयाकमधून गेलेली साखळी ओढली, तिला स्वतःचं कुलूप घातलं आणि प्रथमोपचाराची पेटी आणायला गाडीकडे चालते झाले. गाडी वर, टेकाडापलीकडे होती.

मागे पिंपळे सौदागरची दोन कुटुंबं जॅकेटं घालून रांगेत उभी.

“आवं दादा!” ताराबाई त्यांच्या मागे धावल्या. “गिऱ्हाईक उभं हाय! कुलूप काढा की!”

“आधी सूचना, मग पाणी.”

“मी हितंच जल्मले! मला काय सूचना करताय?”

“तुम्हाला नाही हो बाई. या सगळ्यांना.”

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. ताई मात्र हसून हसून खाली बसली होती. तिने वडिलांना घराबाहेर असं कधी पाहिलंच नव्हतं.

साबळेकाका एका दगडावर बसले होते. मला त्यांनी शेजारी बसायची खूण केली.

“तुला ठाऊक आहे का, हा सुट्टी का घेत नाही?”

मी नकारार्थी मान हलवली.

“एकोणीस वर्षं झाली. याने आयुष्यात पहिल्यांदा चार दिवसांची रजा टाकली होती, मीनलला समुद्र दाखवायला. तिकडे हे किल्ला बघत होते आणि इकडे मी कुलूप न लावता मशिनीत हात घातला. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती, म्हटलं दोन मिनिटांचं काम. पलीकडून कोणीतरी बटण दाबलं.” हे ते दुसऱ्या कोणाची हकिकत सांगावी तसं सांगत होते. “चूक माझी. चौकशीत तसं लेखी दिलंय मी. पण याला वाटतं, मी रजेवर नसतो तर साबळ्याने कुलूप लावलं असतं.”

“लावलं असतं?” मी विचारलं. मनात एकदाही न म्हणता.

“लावलं असतं गं. याची कटकट कोण ऐकून घेणार!” ते हसले, मग थांबले. “म्हणून तर ‘विलासराव, तुझं काही चुकलं नाही’ असं मी म्हटलं तरी त्याला पटत नाही.”

त्यांनी आवाज खाली आणला.

“महिन्यापूर्वी तुझ्या काकूचा फोन आला. म्हणाली, पोरगी चालली, एकदा तरी यांना बाहेर काढा. हा ऐकणार कोणाचं? मग मीच याला म्हटलं, विलासराव, मला होडी चालवायची फार हौस आहे, एकदा नेशील का? याने दुसऱ्या दिवशी माझ्या हाताचं माप घेतलं.”

“मग आता तुमची हौस पुरी होईल,” मी म्हटलं.

“कसली हौस! मला पाण्याची भयंकर भीती वाटते. काल रात्री झोप नाही.” ते पाण्याकडे बघत होते. “त्याला सांगू नकोस. तू कमी बोलतेस म्हणून तुला सांगितलं.”

मी सांगितलं नाही. (इथे लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.)

काका पेटी घेऊन आले. त्यांनी दहा मिनिटं सूचना दिल्या. पिंपळे सौदागरच्या एका गृहस्थांनी हात वर करून शंका विचारली. मग कुलूप निघालं, आणि काकांनी ते वल्हं आणलं. पाइपच्या आत गाडीच्या ट्यूबचं रबर, बाहेर पट्टा. साबळेकाकांच्या हाताला ते इतकं बरोबर बसलं, की ताराबाई ओरडायच्या थांबल्या. काकांनी हात तीनदा ओढून बघितला. तिन्ही वेळा सुटला.

दोघांच्या कयाकमध्ये पुढे साबळेकाका, मागे काका. कयाक हलली तसा साबळेकाकांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. “हळू रे, हळू!” “डावा, उजवा, डावा. अंदाजे नको मारूस!” असा आरडाओरडा करत दोघं पाण्यातल्या पिवळ्या पिंपापर्यंत गेले आणि परत आले. साबळेकाका काठावर उतरले तेव्हाही त्यांच्या चेहऱ्याचा रंग परतला नव्हता. हे मला दिसलं. काकांना दिसू नये म्हणून ते लगेच खाली वाकून पँट पिळायला लागले.

“झाली माझी हौस. आता मीनलला ने.”

ताई पुढे आली. काका मात्र कयाक धरून पाण्यात उभेच राहिले.

“तू काय करशील?”

“बसेन. चहा पिईन.”

“पाण्याजवळ जाऊ नकोस.”

“नाही जात.”

तरीही काका हलेनात. माझे हे काका, जे परक्या बाईच्या होड्यांना कुलूप घालून निघून जातात, ते साबळेकाकांकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाले, “जाऊ?”

“जा की राव,” साबळेकाका म्हणाले. “मी आहे इथे.”

ताई पुढे बसली, काका मागे. कयाक पिवळ्या पिंपाच्या पुढे गेली. मी साबळेकाकांसाठी सावलीत खुर्ची आणली, पण ते उन्हातच उभे राहिले, काठापासून दहा पावलांवर.

“बसा ना,” मी म्हटलं.

“मागे वळून बघतोय तो. दिसलो नाही तर परत येईल.”

काकांनी एकदा वळून पाहिलं. साबळेकाकांनी हात वर केला. पुन्हा पाहिलं, पुन्हा हात. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिसऱ्यांदा काका वळले तेव्हा कयाक बोटाएवढी झाली होती. मग ताई काहीतरी म्हणाली असावी, कारण तिच्या हसण्याचा आवाज पाण्यावरून इथपर्यंत आला, पाठोपाठ काकांचाही. आम्ही थांबलो, बराच वेळ थांबलो. काकांनी पुन्हा मागे पाहिलं नाही.

तेव्हा कुठे साबळेकाका खुर्चीत बसले.