पान सतरा

पर्याय अ : मुलीकडे राहायला जाणे. अंतर सहाशे किलोमीटर. फायदा : नातीचा आवाज, बारमाही. विस्थापित : एक.

पर्याय ब : धाकट्या भावाला इकडे वळवणे. प्रवाह मोठा, पण गढूळ. फक्त स्वतःबद्दल बोलतो.

पर्याय क : काहीही न करणे. खर्च शून्य. गळती चालू राहील.

एवढं वाचून अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. समितीसमोरचा विषय होता कोरड्या पट्ट्याला पाणी द्यायचं कसं : एक मोठं धरण, नदी वळवणारा कालवा, की गावोगाव छोटी तळी. सोळा पानं तेच सांगत होती. सतरावं मात्र अहवाल लिहिणाऱ्या थेंब्यांच्या घरचं होतं.

थेंबे हे आडनाव नव्हे. गळका नळ दिसला की ते उठून बंद करत, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं नाव. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. रविवारपर्यंत काय ते ठरवा, असं मुलीनं बजावलं होतं. तीस वर्षं तक्ते केलेल्या माणसाला तक्त्याशिवाय विचार सुचत नाही, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अहवालाच्याच कागदावर, हाही तक्ता केला. टंकलेखिकेनं गठ्ठा आला तसा टाइप केला आणि क्रमांक टाकले.

"बाई, ते पान खासगी आहे. काढून घेतो."

"क्रमांक पडलाय, थेंबे. चर्चेशिवाय काढता येत नाही. नियम तुम्हीच केलाय."

केला होता. गैरसोयीची पानं गायब व्हायची, म्हणून.

चर्चा (सारांश)

बाईंखेरीज समितीत दोघेच सदस्य : एक कालवेवाले, एक भूगर्भवाले. कालवेवाल्यांना पर्याय ब पसंत पडला. वळवण्यातलं काहीही त्यांना पसंत पडे. मग त्यांनी भावाचा वर्षभराचा प्रवाह विचारला. थेंब्यांनी मान खाली घालून सांगितलं : दोन फोन, त्यातला एक चुकून लागलेला. कालवेवाल्यांनी पर्याय मागे घेतला आणि अ उचलला. विस्थापित एकच असेल तर अडलंय कुठे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

भूगर्भवाले दगडाखेरीज कशावर बोलत नसत. ते म्हणाले, "त्या एकाला विचारलंय का?"



शेवटी अध्यक्षबाईंनी नियमावर बोट ठेवलं. जागा पाहिल्याशिवाय मत देता येत नाही. रविवारी अकराला स्थळपाहणी.

स्थळपाहणी

दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. कप एक. बाकीचे माळ्यावर, बायकोनं बांधून ठेवलेल्या खोक्यात. त्या दोरीची गाठ थेंब्यांनी अजून सोडली नव्हती. म्हणून कपात अध्यक्षबाईंना चहा, वाटीत भूगर्भवाल्यांना, आणि कालवेवाल्यांना पाऊस मोजायच्या नळीत.

"साठ मिलिमीटर," कालवेवाले म्हणाले आणि प्यायले.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, काय ठरलं? आणि घरात कोण बोलतंय?"

"समिती."

"कसली समिती?"

"माझीच. तुला नंतर करतो."

समितीनं खिडक्या पाहिल्या, जिना पाहिला. सांगण्यासारखं काही सापडेना, तरी कोणी उठेना. भूगर्भवाल्यांनी भिंतीतल्या दगडावर तासभर घालवला. दीड वाजता अध्यक्षबाईंनी शेरा लिहिला : "माहिती अपुरी. पुढील पाहणी आवश्यक. रविवार, सकाळी अकरा."

हे वाक्य थेंब्यांना तोंडपाठ होतं. कोरड्या पट्ट्याचा अहवाल याच वाक्यानं अकरा वर्षं परत येत होता, आणि दर वेळी त्यांनी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या होत्या. आज त्यांनी शेऱ्याखाली मुकाट्यानं सही केली.

सगळे गेल्यावर घर होतं तसं झालं. त्यांनी कप, वाटी आणि नळी धुऊन ओळीनं पालथी घातली. मग फोन केला.

"निर्णय लांबलाय गं."

"किती, बाबा?"

"आमच्या खात्याचा अनुभव बघता, अकरा वर्षं तरी."

पलीकडे मुलगी हसते आहे की रडते आहे, हे त्यांना नीट कळलं नाही. पुढच्या रविवारी आपणही पाहणीला येतो, एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

थेंब्यांनी बोटांवर डोकी मोजली. मग स्टूल ओढलं आणि माळ्यावरचं खोकं खाली काढलं. गाठ घट्ट होती. सोडवायला दुपार गेली.