पाटलीणबाईंची बैठक

दिनकरमामा माणसांना अरे-तुरे करत आणि जनावरांना अहो-जाहो. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराची खालची खोली त्यांना भाड्यानं दिली, त्याच दिवशी हे कळलं. मला म्हणाले, "शालन, बादली सरकव." आणि गोठ्यातल्या म्हशीला वाकून म्हणाले, "पाटलीणबाई, आजपासून त्रास देतो जरा."

मामा शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. मामी गेल्यावर एकटेच राहत. पेस्टल खडूंनी जनावरांची चित्रं काढत, पण फोटोवरून नाही. जनावर समोर पाहिजे. बैठकीआधी स्वतः अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालत. आणि डोळ्यांना जे दिसत नाही ते काढत नसत.

एकदा हुपरीचा एक चांदीवाला शेळी घेऊन आला.

"मामा, पायात पैंजण दावा की."

"घातल्यात का त्यांनी?"

"न्हाय. तुमी काढा नुसतं."

"मी लबाडी करत न्हाय. घालून आण जा."

तो खरंच हुपरीला जाऊन पैंजण घेऊन आला. एकच जोड. शेळीला पाय चार. मामांनी त्याला पुन्हा पिटाळला.

पुढं माझे गुडघे गेले. दोन वेळची धार होईना, तेव्हा म्हैस विकायची ठरवली. कुरुंदवाडचे जिनगोंडा घेणार होते. मी रडणारी बाई नाही, पण भिंतीवर एक चित्र असावं असं वाटलं. मामा म्हणाले, "आठ दिवसांत देतो."

पाचव्या दिवशी चित्र झालं. मामांनी ते म्हशीपुढं धरलं. तिनं हुंगलं आणि जिभेच्या एका फटक्यात हिरवं गवत, स्वतःचं तोंड आणि अर्धं शिंग चाटून साफ केलं.

"नापसंत हाय," मामा गंभीरपणे म्हणाले.

"मामा, म्हैस हाय ती!"

"मग? चेहरा कुणाचा हाय, तुझा?"

नवा कागद लागला. मग मामांचं रोज सकाळी एकेक कारण निघू लागलं. आज कान हलतोय. आज ऊन बरोबर न्हाय. आज रवंथ चाललाय, मधेच कसं बोलायचं? जिनगोंडा दोन रविवार रिकामा टेम्पो घेऊन परत गेले. तिसऱ्या रविवारी दारात येऊन ओरडले, "वैनी, आज न्हेणार बघा! म्हस चढवायला फळी बी आणलीया!"

मीही वैतागले होते. असेल तसा कागद ओढून आणावा म्हणून तरातरा गोठ्यात गेले.

मामा माझ्याकडं पाठ करून बसले होते. मांडीवर चित्र होतं, पुरं झालेलं, पापणीच्या केसांसकट. खडूंची पेटी बंद होती.

"काल भात परत जास्त झाला, पाटलीणबाई," ते सांगत होते. "एका माणसाचा अंदाज काय बसत न्हाय बघा. सहा वर्षं झाली की."

म्हैस त्यांच्याकडं कान करून सावकाश रवंथ करत होती.

मी तशीच मागं फिरले. जिनगोंडा दारात दोर घेऊन उभे होते.

"झालं न्हवं?"

"कुठलं काय," मी म्हणाले. "शेपूट राहिलंय. पुढच्या रविवारी या."

"वैनी, शेपटाला आठ दिवस?"

"लांब हाय," मी म्हणाले, आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेले.